मातिल्दचा चमचा आणि न चाखणारी सून

आधी माझी चूक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको. मृणालिनीला मी पहिल्यांदा बघितलं ते इकडे परदेशात, पार्सिपनीत, रूट फॉर्टी-सिक्सच्या कडेला, एका फ्रेंच हॉटेलाच्या मागच्या दाराशी. ब्याऐंशीचा नोव्हेंबर होता. आमची सरला आणि मी शेजारच्या लाँड्रीत कपडे टाकून गाडीत गप्पा छाटत बसलो होतो. बघतो तर काय, आपल्याकडची एक बाई उलट्या क्रेटवर बसून खसाखसा कांदे सोलतेय. डोळ्यांतून घळाघळा पाणी. अंगात साधा सुती कुडता, वर मळका एप्रन.

"फसवलं असणार गं कुणीतरी हिला," सरला म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून आले.

झालं. आम्ही दोघींनी गाडीत बसल्याबसल्या तिचा अख्खा इतिहास रचला. पुढच्या आठवड्यात मी ह्यांचा बाटलीहिरवा स्वेटर आणि एका बँकेतल्या डेटा एन्ट्रीच्या नोकरीचा फॉर्म घेऊन त्या दाराशी हजर. बाईने स्वेटर तिथल्या तिथे अंगात चढवला. फॉर्म नीट घडी घालून खिशात ठेवला. म्हणाली, "छान ऊबदार आहे हो मावशी. सूप घेणार का?" चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

सहा महिन्यांनी कळलं, त्या हॉटेलाची ती धाकटी मालकीण! मालकिणीची सून, केमिस्ट्रीची एम. एस. सरला अजून त्या फॉर्मवरून मला चिडवते, आणि मृणालिनीने तो फॉर्म म्हणे कपाटात जपून ठेवलाय. कधी नवऱ्याशी भांडण झालं की काढून दाखवते, "मला ऑफर आहे, समजलं?"

आता धाकटी मालकीण म्हटलं खरं, पण तेव्हा ते नावालाच होतं. त्याचीच तर ही गोष्ट.

हॉटेलाचं नाव 'शे मातिल्द', म्हणजे मातिल्दच्या घरी. ही मातिल्द तिबो एकतीस साली फ्रान्समधून आली. पदरात एक मुलगा, आणि सामानात एक भलंमोठं तांब्याचं पातेलं. तिने हे बारा टेबलांचं हॉटेल काढलं. मुलगा मोठा झाला, पण त्याला पाणीसुद्धा धड उकळता येईना. मग मातिल्दने चोपन्न साली स्वयंपाकघर दिलं सुनेला, ओदेतला. तेव्हापासून तिबो घराण्यात रीतच पडली. हॉटेल मुलाकडे जायचं नाही, सुनेकडे जायचं. आपल्याकडे सासू सुनेला पाटल्या देते, इथे द्यायचा एक चमचा. चांदीचा, लहानसा, चाखायचा. दोघींनी पन्नास वर्षं चाखून चाखून त्याची एक कड पार झिजलेली. ज्या बाईच्या एप्रनच्या खिशात तो चमचा, तिचं स्वयंपाकघर. बाकी सगळे, तिचा नवरा धरून, नोकर.

ओदेतचा मुलगा आर्मां. सहा फूट उंच, देखणा, बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात पटाईत. पण आईचा आवाज चढला की ह्याला नेमकं तळघरातल्या वाइनच्या बाटल्या पुसायची आठवण व्हायची. मृणालिनी शिकत असताना तिथे भाज्या चिरायला पार्टटाइम लागली, एक्याऐंशीत दोघांनी लग्न केलं. सांगलीकडून तिच्या वडिलांनी तीन महिने पत्र लिहिलं नाही. मग लिहिलं तेव्हा विचारलं काय, तर "सासू कशी आहे?"

सासू कशी? सासूसारखी! बुटकी, गोल, चालली की भांडी वाजायची. सुनेचं काम तिला मनापासून आवडायचं. सुनेचा कांदा एकसारखा चिरलेला, सुनेची पेस्ट्री कागदासारखी पातळ. आवडायची नाही ती एकच गोष्ट. मृणालिनी शिजवताना चाखायची नाही.

ह्याचं मूळ थेट तिच्या गावी. गावातल्या देवीचा रोजचा नैवेद्य ह्यांच्या घरून जायचा आणि तो करायची तिची आत्या. हाताखाली दहा वर्षांची मृणालिनी. देवीच्या आधी जीभ लावायची नाही हा नियम. मग मीठ कळणार कसं? तर वासाने, आवाजाने, तळहाताच्या खळग्यात किती मावतं त्यावरून. रोज, बारा वर्षं. इथे आमच्या मंडळाच्या गणपतीला शाळेच्या जिममध्ये दोनशे माणसांची आमटी केली तिने तेव्हा सरला हातात डाव घेऊन धावली, "अगं, मीठ बघितलंस का?" ही म्हणाली, "नैवेद्य दाखवायचाय ना अजून?" आणि आमटी? भांड्याच्या तळाला डाव लागेपर्यंत लोक उठले नाहीत, एवढंच सांगते.

बरं, ही काही सोवळ्याओवळ्याची नाही. मासे खाते, कोंबडी खाते, गिऱ्हाइकांची पानं झाली की स्वतः ताव मारते. "पण शिजवताना चाखलं ना, की माझा हात चुकतो," ती सांगायची. "जीभ मध्ये आली की नाक झोपतं."

ओदेतला हे समजावणार कोण? तिच्या लेखी न चाखणारी बाई म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणारी. "गूते, लिनी, गूते!" दिवसभर तिचा धोशा. गूते म्हणजे चाख. पूर्ण नाव काही तिच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून लिनी. आणि लिनी तिला म्हणायची मामां, म्हणजे आई.

दुसरं भांडण खिडकीचं. मागच्या बाजूला वर सरकवायची एक जुनी खिडकी होती. तिची दोरी कधीच तुटलेली, त्यामुळे वर केली की आपली धप्पकन खाली. मृणालिनीला ती उघडी हवी. वाफ बाहेर गेली की एकेक वास वेगळा लागतो. ओदेतला बंद हवी. वारा लागला की सूफ्ले, म्हणजे त्यांचा अंडी फेटून ओव्हनमध्ये फुगवायचा पदार्थ, बसतं म्हणे.

"मामां, सूफ्ले ओव्हनमध्ये आहे. ओव्हनला दार आहे."

"वाऱ्याला दार लागत नाही!"

मृणालिनी खिडकीत लाकडाचा तुकडा अडकवायची, ओदेत तो कचऱ्यात टाकायची. मग बुचं, मग पुठ्ठ्याची घडी, मग एकदा चक्क गाजर. सगळी कचऱ्यात. पाच वर्षं हा खेळ चालला.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात ओदेतला फ्लू झाला. चांगले दहा दिवस अंथरुणावर होती. उठली ती जरा हडकलेली. आल्या आल्या तिने आर्मांला आणि मृणालिनीला समोर बसवलं आणि जागा विकायच्या कागदांचं एक पाकीट टेबलावर आपटलं. शेजारी ऑफिसची बिल्डिंग होत होती, त्यांना पार्किंगसाठी ही जागा हवी होती.

"माझे गुडघे गेले," ती म्हणाली. "डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हॉटेलाचा वाढदिवस. मातिल्दने त्या दिवशी मला आठ माणसांचं जेवण करायला लावलं होतं, मग चमचा दिला. लिनी, तूही कर. पण चाखून. नाही चाखलंस तर मंगळवारी मी ह्या कागदांवर सही करीन. मातिल्दचं स्वयंपाकघर मी नशिबावर सोडणार नाही."

आर्मां म्हणाला, "मामां, असं कसं..." आणि बाटल्या पुसायला गेला.

मृणालिनीने एप्रनला हात पुसले. "जेवण करीन," म्हणाली. "चाखणार नाही. आणि सही तुम्ही करणार नाही."

रात्री आर्मां तिला म्हणतो, "अगं, एक घोट घ्यायला काय जातं? नुसता चमचा तोंडाला लावल्यासारखं कर ना!"

"नाटक करून मिळवलेलं स्वयंपाकघर मला नको. तुझ्या आईला मी कशी शिजवते ते माहीत असायला हवं, आणि माहीत असून तिने द्यायला हवं."

"आणि नाही दिलं तर?"

"माझ्याकडे बँकेचा फॉर्म आहे," मृणालिनी म्हणाली आणि कूस बदलून झोपली. झोपली कसली! तिनेच मला नंतर सांगितलं, सकाळपर्यंत छताकडे बघत होती. सहा वर्षं तिने ते तांब्याचं पातेलं हाताने घासलं होतं. आणि आता म्हणे त्याच्या जागी गाड्या उभ्या राहणार.

पण त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ओदेत दुधाच्या पातेल्याशेजारी उभी होती आणि दूध जळालं. करपल्याचा वास बाहेर टेबलांपर्यंत गेला. ओदेत मात्र शांतपणे पार्सलीची पानं चिरत होती.

दर गुरुवारी मिस्टर कोवाल्स्की जेवायला यायचे. रेल्वेतून रिटायर झालेले, मातिल्दच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्या गुरुवारी त्यांनी सूप प्यायलं आणि तीन ग्लास पाणी मागितलं. तक्रार केली नाही बिचाऱ्यांनी. मृणालिनी मागे गेली, सुपाच्या पातेल्यावर वाकली आणि नुसत्या वासाने तिला कळलं, मीठ दुप्पट आहे.

ओदेतची चव गेली होती. वासही. फ्लूने नेली होती, आणि म्हातारीने कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसातून पन्नास वेळा तो चमचा तोंडाला लावायची, मान डोलवायची, आणि अंदाजाने मीठ टाकायची.

आता दुसरी एखादी सून असती तर? मी असते तर, खोटं कशाला बोलू, लगेच नवऱ्याला बोलावून म्हटलं असतं, बघा तुमच्या मातोश्री! मृणालिनी गप्प राहिली. रोज दुपारी ओदेत पाय वर करून पडली की ही अर्धं सूप काढून ठेवायची, उरलेल्यात बिनमिठाचा रस्सा घालायची, पातेलं होतं तसं लावून ठेवायची. पाच आठवडे. "का गं?" मी तिला विचारलं. म्हणाली, "मावशी, मला ते स्वयंपाकघर हवंच होतं. पण तिच्या हातून हवं होतं. तिच्या हातातून ओढून नको होतं."

पहिला सोमवार उजाडला. बाहेर बर्फ. हॉटेल गिऱ्हाइकांना बंद, आतलं एकच मोठं टेबल मांडलेलं, आठ जुनी माणसं, त्यांत कोवाल्स्की टाय लावून. आत स्वयंपाकघरात ओदेत खुर्ची टाकून बसलेली, हातात चमचा. शाळेतल्या परीक्षेला सुपरवायझर बसतात ना, तशी.

मृणालिनीने पहिल्यांदा काय केलं? खिडकी वर केली, आणि त्यात लाटणं अडकवलं.

ओदेत उठली, लाटणं काढलं. धप्प!

"मामां, आज तरी!"

"आज तर मुळीच नाही. आज सूफ्ले आहे."

मृणालिनीने कांदा टाकला. कांद्याचं सूप म्हणजे ह्या हॉटेलाचा जीव. कांदा तासभर मंद आचेवर परतायचा, मधासारखा रंग येईपर्यंत. मग रस्सा, मग मीठ. तिने डाव्या तळहाताच्या खळग्यात मीठ घेतलं, क्षणभर वासाचा अंदाज घेतला, आणि सोडलं. चमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गूते," ओदेत म्हणाली.

"नाही, मामां."

ओदेत उठली. चमचा बुडवला, ओठांना लावला, डोळे मिटले. "मीठ कमी आहे." आणि हात मिठाच्या डब्याकडे गेला.

मृणालिनीने पातेल्यावर झाकण ठेवलं. वर स्वतःचा हात ठेवला. झाकण चांगलं तापलेलं, पण हात हलला नाही.

"हात काढ."

"नाही."

"चाखलंस तू?"

"नाही."

"मग मीठ बरोबर आहे हे कशावरून म्हणतेस?"

आर्मांने दारातून डोकं आत घातलं. "एव्हरीथिंग ओके?"

"बाहेर जा!" दोघी एकदम ओरडल्या. त्या दिवशी एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मृणालिनीने जाऊन दार लावून घेतलं. परत येऊन सासूसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामां, दूध जळालं तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात."

ओदेतचा हात मिठाच्या डब्यावरून खाली आला. 

"आर्मांला सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"कोवाल्स्कीला?"

"त्यांना मी पाणी दिलं."

म्हातारी मटकन खुर्चीत बसली. चमचा मांडीवर. "सगळं भिंत चाटल्यासारखं लागतं," ती म्हणाली. "लोणी, वाइन, लिंबू. सगळं एकच. मला वाटलं जाईल आठवड्यात. मग वाटलं महिन्यात. लिनी, मी बत्तीस वर्षं ह्या जिभेवर हे घर चालवलं. ज्या बाईला चव लागत नाही तिने काय करायचं? म्हणून म्हटलं, विकून टाकू. कुणाला कळायच्या आत."

मृणालिनीला वाईट वाटलं, पण हातातलं काम थांबलं नाही. भाताला आणि आमटीला कुणाच्या दुःखाचं सोयरसुतक नसतं, आत्या म्हणायची. तिने दुसऱ्या कढईत लोणी टाकलं, कोंबडीसाठी कांदा टाकला आणि ओदेतची खुर्ची, ओदेतसकट, शेगडीजवळ ओढली.

"डोळे मिटा. ऐका."

"काय ऐकू?"

"कांदा काय म्हणतोय ते. आत्ता चुर्र चुर्र करतोय ना? पाणी आहे त्यात. ते गेलं की आवाज खाली बसेल. मग जवळजवळ गप्प होईल आणि मध्येच टिक, टिक. तेव्हा उतरवायचा. टिकटिक संपली की करपला."

ओदेतने नाक मुरडलं. पण डोळे मिटले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मृणालिनी मुद्दामच कढईकडे पाठ करून उभी राहिली. एकाएकी ओदेत म्हणाली, "आता!"

मृणालिनीने कढई उतरवली. कांदा अगदी मधाच्या रंगाचा.

"हं," ओदेत म्हणाली. एवढंच. पण मग ती डोळे मिटून पुढचा कांदाही ऐकत बसली.

जेवण बाहेर गेलं. दोघी आत गुपचूप बसून राहिल्या, बाहेरच्या चमच्यांचा आवाज ऐकत. सुपाचे बाऊल परत आले ते पावाने पुसून घेतलेले. कोंबडीच्या प्लेटा आल्या, त्यांच्यात हाडंच तेवढी. सूफ्ले गेलं तसं बाहेर सगळे एकदम गप्प झाले. आणि मग कोवाल्स्की टाय सैल करत दारात आले.

"ओदेत, आजचं जेवण तू केलंस की हिने?"

"तुला काय वाटतं?"

कोवाल्स्कींनी जरा विचार केला. "मला आज पाणी लागलं नाही," म्हणाले, आणि पटकन आपल्या खुर्चीकडे परतले.

ओदेतने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि हसायलाच लागली. पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि चमचा टेबलावर ठेवला.

"घे. तुला ह्याचा काही उपयोग नाही. मलाही उरला नाही. पण दुसऱ्या कुणाच्या खिशात मला तो बघवणार नाही."

मृणालिनीने चमचा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात टाकला. पार्किंगवाल्यांच्या कागदांत ओदेतने कांद्याची सालं गुंडाळली. आर्मांने विचारलं काय झालं, तर दोघींनी त्याला बाटल्या पुसायला पाठवलं.

आता तुम्हाला वाटेल सासू सुधारली. छे हो!

मंगळवारी सकाळी मृणालिनी स्वयंपाकघरात आली. एप्रन बांधला. थेट खिडकीशी गेली, ती वर केली, आणि खिशातून मातिल्दचा चांदीचा चमचा काढून चौकटीत तिरका अडकवला. खिडकी राहिली की तशीच! थंडगार हवेची एक झुळूक आत आली.

मागून किंकाळी. "मातिल्दचा चमचा! खिडकीत!"

"कामाला आला, मामां."

"काढ तो आधी!"

"चमचा ज्याच्याकडे, स्वयंपाकघर त्याचं. असंच म्हणता ना तुम्ही? मग खिडकी कुणाची?"

ओदेतचा हात चमच्यापर्यंत गेला आणि मागे आला. पाच वर्षांत तिने एक लाकूड, शंभर बुचं आणि एक गाजर कचऱ्यात टाकलं होतं. पण चमचा कसा टाकणार?

"सूफ्ले बसेल."

"ओव्हनला दार आहे."

"मला थंडी वाजते!"

मृणालिनी खुंटीकडे गेली आणि तिने माझा, म्हणजे ह्यांचा, तो बाटलीहिरवा स्वेटर आणून सासूच्या खांद्यावर टाकला. ओदेतने तो दोन बोटांत धरून उलटसुलट बघितला. "कुणाचा आहे हा? भयंकर आहे." मग बाह्यांत हात घातले. गुडघ्यापर्यंत आला तिला.

दुपारी सूफ्ले ओव्हनमधून निघालं. चांगलं चार बोटं फुगलेलं, टोपीसारखं. ओदेतने खाली वाकून त्याच्याकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं, परत सूफ्लेकडे बघितलं.

"दोन बोटं," ती शेवटी म्हणाली. "खिडकी दोन बोटं उघडी चालेल. तीन नाही."

"दोनच, मामां," मृणालिनी म्हणाली.

चमच्याने खिडकी मोजून तीन बोटं उघडी धरली होती. खिडकी राहिली तिथेच, आणि ओदेत स्वेटरची बटणं लावत कांदा ऐकायला बसली.